पिकप, रनाऊट आणि आपलं इंग्रजी

पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर रात्री वाचा, पण वाचा. विशेषतः ज्यांची पोरं मराठी शाळेत आहेत त्यांनी.

गेल्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. उदगीर तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी. बारावीला मी तिला इंग्रजी शिकवलं. पुढं बी.एस्सी. नर्सिंग केलं, चार वर्षं पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात आयसीयूत काढली. आता इंग्लंडला जायचं म्हणून आयईएलटीएस देतेय. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीला या परीक्षेत वाचन, बोलणं आणि ऐकणं या तिन्हींत ७ बँड लागतात, लेखनात साडेसहा चालतात. तिला वाचनात ७.५, बोलण्यात ७, लेखनात ६.५ आणि ऐकण्यात ६. दुसऱ्यांदा. फी दोन्ही वेळा स्वतःच्या पगारातली.

"सर, मला इंग्रजी येतं की नाही हेच कळंना गेलंय. छापील उतारा वाचला की सगळा कळतो. तोच उतारा कानावर पडला की काहीच कळत नाही. ते लोक शब्द खातात सर."

मी म्हणालो, "खात नाहीत गं, चिकटवतात."

फोन ठेवला, पण झोप लागली नाही. कारण हे मी तिला शिकवायला हवं होतं. वर्षभर ती माझ्या वर्गात बसली होती. मी तिला व्हॉइस बदलायला शिकवला, इनडायरेक्ट स्पीच शिकवलं, पत्रलेखन शिकवलं. ऐकायला शिकवलं नाही. मला तरी कुठं कुणी शिकवलं होतं?

माझीच गोष्ट सांगतो. २००४ साल. एम.ए. इंग्रजी, फर्स्ट क्लास, आणि खिशात परतीच्या एस.टी.पुरते पैसे. पुण्यात एका कॉल सेंटरला इंटरव्ह्यू होता. समोर एक तरुण साहेब. बसलो, त्यानं हसून काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं ते असं: "व्हायडोंच्यू टेलसबिट बाऊच्युसेल्फ?" त्यातला 'डोंच' तेवढा मी पकडला. डोन्ट म्हणजे नको. हा काहीतरी करू नको म्हणतोय. मग मी आपला गप्प बसलो, हाताची घडी घालून. त्यानं पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा त्यानं एकेक शब्द सुटा केला, लहान पोराला सांगतात तसा: व्हाय, डोन्ट, यू, टेल, अस, अ, बिट, अबाऊट, युवरसेल्फ. तेव्हा कळलं की स्वतःबद्दल दोन शब्द सांग म्हणतोय. मी सांगितलं, चांगलं सांगितलं. पण कागदावर त्याला काय लिहायचं ते त्यानं तोवर लिहून टाकलं होतं. येताना एस.टी.त खिडकीशी बसून मी ते वाक्य दहा वेळा पुटपुटलो. नऊच्या नऊ शब्द मला पाचवीपासून येत होते.

तर हे चिकटवणं म्हणजे नेमकं काय? दोन उदाहरणांत सांगतो. व्याकरणाचं पुस्तक काढत नाही, घाबरू नका.

शब्दाच्या शेवटी व्यंजन असेल आणि पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल, तर ते व्यंजन उडी मारून पुढच्या शब्दावर जाऊन बसतं. टर्न इट ऑफ हे तीन शब्द बोलताना 'टर्निटॉफ' होतात. ॲन ॲपलचं 'अनॅपल' होतं. दोन स्वर समोरासमोर आले तर मधे बारीकसा य किंवा व येतो, गो ऑनचं 'गोवॉन'. शेवटी ट किंवा ड आणि पुढं यू आला की दोघं मिळून च किंवा ज होतात, म्हणून डिड यूचं 'डिजू' आणि डोन्ट यूचं ते माझं 'डोंच्यू'. नेक्स्ट डे म्हणताना मधला ट गळतो, 'नेक्स्डे' राहतं. टेल हिम म्हणताना ह गळतो, 'टेलिम' राहतं. इंग्लंडातले पुष्कळ लोक तर लॉ अँड ऑर्डर म्हणताना लॉ आणि अँडच्या मधे चक्क एक र घालतात, 'लॉरनॉर्डर'. स्पेलिंगमध्ये त्या जागी र शोधून सापडणार नाही.

आणि खरी गोम पुढंच आहे. टू, ऑफ, फॉर, ॲट, कॅन, हॅव, अँड असले किरकोळ शब्द सहज बोलण्यात जवळजवळ पुसट होतात. त्यांचा स्वरच विरघळून एक आखूड 'अ' उरतो. आपण शाळेत 'आय कॅन डू इट' म्हणताना कॅनवर जोर देतो. ते लोक म्हणतात 'आय क्न डूइट'. अमेरिकन माणसानं कॅन्ट म्हटलं तर शेवटचा ट नीट फुटतच नाही, आणि मग कॅन की कॅन्ट हे फक्त जोरावरून ओळखावं लागतं. जोर असेल तर नकार. नर्सच्या कामात याचा अर्थ काय होतो बघा. पेशंटला खायला द्यायचंय की द्यायचं नाही, एवढा सगळा फरक त्या एका जोरात असतो.

हा खेळ नाही. १९ फेब्रुवारी १९८९ ला सिंगापूरहून क्वालालंपूरला निघालेलं एक मालवाहू बोईंग ७४७ डोंगराला धडकलं. चौघे होते, चौघेही गेले. कंट्रोलरनं त्यांना २४०० फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं होतं. तो म्हणाला 'टू फोर झीरो झीरो'. वैमानिकांना वाटलं, तो पहिला टू म्हणजे दोनचा आकडा नव्हे, 'पर्यंत' या अर्थाचा टू आहे. म्हणजे ४०० फूट. कॉकपिटमध्ये इतरही चुका झाल्या, धोक्याची सूचना दुर्लक्षिली गेली, ते खरं. पण सुरुवात त्या एका टू पासून झाली. आणि हे सगळे रोज इंग्रजीत काम करणारे लोक होते.

तेव्हा आपल्याला ऐकू आलं नाही तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. खुद्द त्यांनाही ऐकू येत नाही. नील आर्मस्ट्राँगचं चंद्रावरचं वाक्य सगळ्यांना माहीत आहे, माणसाचं छोटं पाऊल वगैरे. आर्मस्ट्राँगचं म्हणणं होतं की मी 'फॉर अ मॅन' म्हणालो, म्हणजे एका माणसाचं. जगाला ऐकू आलं 'फॉर मॅन', आणि मग वाक्याचा अर्थच बिघडतो. पन्नास वर्षांवर यावर वाद चालू आहे. तो ओहायोचा. संशोधकांनी २०१३ मध्ये त्या भागातल्या लोकांच्या बोलण्याची रेकॉर्डिंग तपासली, तर तिकडं सहज बोलताना 'फॉर' आणि 'फॉर अ' इतके सारखे निघतात की पुष्कळदा वेगळे काढता येत नाहीत. अख्खं जग कान लावून बसलं होतं आणि एक 'अ' हरवला.

आता कुणीतरी खाली कमेंटमध्ये लिहिणारच, "सर, आपल्या लोकांना हे जमणार नाही, आपली जीभ वेगळी." जमणार नाही? अहो, तुम्ही रोज करताय!

गावात माल न्यायला काय बोलावता? पिकप. पिक अप म्हणतं का कुणी? पोलिसांनी उचललं की कुठं टाकतात? लॉकपमध्ये. लग्नात नवरीचा मेकप, दवाखान्यात चेकप, डीजेवाल्याचा सेटप. चोर-पोलीस खेळताना बोटांची बंदूक रोखून पोरगं ओरडतं, "हँडसप!" आणि क्रिकेट तर विचारूच नका. रनाऊट, नॉटाऊट, ऑलाऊट. आणि सगळ्यांत भारी, हाऊझॅट! ते मुळात हाऊ इज दॅट आहे. क्रिकेटच्या नियमांच्या पुस्तकात अपिलाचे शब्द म्हणून तेच दिलेत. तीन शब्दांचा एक करून गल्लीतलं सहा वर्षांचं पोर, ज्याला एबीसीडी धड येत नाही, ते बरोब्बर लंडनच्या पोरासारखं ओरडतं.

हे का जमलं? कारण हे शब्द आपल्याकडं कानानं आले. कुणी फळ्यावर लिहून दिले नाहीत, स्पेलिंग पाठ करायला लावलं नाही. ड्रायव्हरनं ऐकलं, क्लीनरनं ऐकलं, तसंच तोंडात बसलं. जे इंग्रजी डोळ्यांनी आलं, वहीतून, गाईडमधून, ओळीखाली पेन्सिलनं देवनागरीत उच्चार लिहून, ते मात्र सुटं सुटं राहिलं. वीटभट्टीवर विटा मांडाव्यात तसं. एक शब्द, मधे फट, दुसरा शब्द. आणि मग आपण कानानं ती फट शोधत बसतो. बोलण्यात फट नसतेच, कुठल्याच भाषेत.

मराठीत आहे का? 'तू कुठे आहेस' असं फोनवर कोण विचारतं? 'कुठायस?' बरं आहे ना, नव्हे, 'बराय ना?' नाही आहे, नव्हे, 'नाहीये'. आमच्याकडं उदगीरला तर 'काय करायलास?' त्या एका शब्दात 'करायला' आणि 'आहेस' कसे एकमेकांत गुंतलेत बघा. पुस्तकातून 'तू काय करत आहेस' शिकलेला एखादा परदेशी माणूस उदगीरच्या बसस्टँडवर उतरला आणि त्याला कुणी 'काय करायलास?' विचारलं, तर तो माझ्यासारखाच हाताची घडी घालून गप्प बसेल.

आणि गंमत म्हणजे, जगभरचे भाषाशास्त्रज्ञ या सगळ्या प्रकाराला जो शब्द वापरतात तो आपला आहे. संधी! इंग्रजी पुस्तकांतसुद्धा सरळ संधीच लिहितात, संस्कृत व्याकरणकारांकडून उचललेला शब्द. म्हणजे पाणिनीच्या देशात, एमपीएससीच्या पेपरात आजही पोरं संधिविग्रह सोडवतात. विद्या अधिक आलय, सत् अधिक जन, पाठ असतं. पण तेच पोरगं इंग्रजी ऐकताना त्याला कुणी सांगत नाही की बाबा, हाही संधीच आहे, विग्रह कर.

इंग्रजांनाही हा विग्रह चुकायचा, ते एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॉक्टर-नर्स घालतात तो एप्रन मुळात 'नेप्रन' होता. नॅपकिनचा भाऊबंद. लोक 'अ नेप्रन' म्हणायचे, ऐकणाऱ्याला वाटलं 'ॲन एप्रन'. न इकडचा तिकडं गेला तो कायमचा. उलटंही झालं. टोपणनावाला 'ॲन एकनेम' म्हणत, त्याचं 'अ नेकनेम' झालं, त्याचंच आजचं निकनेम. आणि ऑरेंज? त्याचं मूळ आपल्या नारिंगात आहे. संस्कृतातला नारंग फारसी-अरबीतून युरोपात गेला, आणि इटली-फ्रान्सकडं तोंडातोंडी त्याचा पहिला न आधीच्या शब्दाला चिकटून गळाला. तेव्हा त्या पोरीच्या कानाला कमी समजू नका. ज्यांची भाषा आहे त्यांच्याही कानांनी हेच केलंय.

असो. मुद्द्यावर येतो.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मी स्वतः त्या निर्णयाच्या बाजूनं होतो, आजही आहे. गावातल्या पोराला दहा वर्षं इंग्रजी मिळणार म्हणून आनंद झाला होता. मग २०२५ मध्ये हिंदी तिसरी भाषा म्हणून पहिलीपासून की नाही यावर रान पेटलं, आणि जूनच्या शेवटी सरकारनं शासन निर्णय मागे घेतले. भाषा कोणती आणि कितवीपासून यावर आपण रस्त्यावर उतरतो. ती कशी शिकवतात यावर कधी मोर्चा निघालेला पाहिलाय? मी तरी नाही. दहा वर्षं पोरगं इंग्रजी शिकतं आणि त्या दहा वर्षांत सहज बोललं जाणारं इंग्रजी त्याच्या कानावर किती तास पडतं? माझ्या वर्गापुरतं प्रामाणिक उत्तर देतो: शून्य. त्याला ऐकू येतं ते माझं इंग्रजी, आणि मी बोलतो तेही विटांचंच.

दक्षिण कोरियात दर नोव्हेंबरात कॉलेज प्रवेशाची मोठी परीक्षा असते. इंग्रजीच्या पेपरात ४५ पैकी १७ प्रश्न ऐकून सोडवायचे. तो भाग चालू असताना पोरांना आवाजाचा त्रास नको म्हणून साधारण ३५ मिनिटं देशभर विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात. हवेतली विमानं वरच घिरट्या घालतात. त्यांच्या परीक्षापद्धतीचे जे ताण आहेत ते आपल्याकडं यावेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण ऐकणं हीसुद्धा भाषा आहे एवढं त्यांनी मानलंय. जपाननं २००६ पासून आपल्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग घातला. आपल्याकडं विमानं थांबवायची गरज नाही. एक स्पीकर घ्या. शाळेत गणपतीला असतो तोच चालेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. "साहेबासारखं बोलायला शिकवणं म्हणजे गुलामी." अगदी बरोबर. मी बोलायला शिकवा म्हणतच नाही. जेनिफर जेंकिन्स नावाच्या बाईंनी २००० साली एक पुस्तक लिहिलं, जगभरातले लोक आपापसात इंग्रजी बोलतात तेव्हा समजायला नेमकं काय लागतं यावर. त्यांनी ते पुसट शब्द, ते विरघळणं, अत्यावश्यक यादीतून सरळ बाहेर काढलं. आपण शब्द सुटे बोललो तर जगाला उलट जास्त कळतं. तेव्हा बोलताना खुशाल विटा रचा. मराठी ठसक्यात बोला. पण समोरचा तसा बोलणार नाही, आणि त्याचं आपल्याला कळलं पाहिजे. 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' अशा पाट्या गावोगाव लागल्यात. फाडफाड बोलायचं हे ठीक, पण समोरचा फाडफाड बोलला की काय करायचं, हे कुठल्याच पाटीवर नसतं.

आणि यात जातं कोण? ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं, ज्यांनी लहानपणापासून इंग्रजी कार्टून पाहिलंय, त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. जातं ते आमचं पोर, ज्याला ग्रामर त्यांच्यापेक्षा चांगलं येतं. इंटरव्ह्यूत त्यानं एकदा 'पार्डन' म्हटलं, दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणायची लाज वाटते आणि तो अंदाजानं 'येस सर' म्हणतो. समोरच्याच्या मनात शेरा तयार: कम्युनिकेशन वीक. माझ्या कागदावरही तेच लिहिलं असणार, माझी खात्री आहे.

म्हणून आता वर्गात मी एक साधी गोष्ट सुरू केलीय. रोज तासाची पहिली सात मिनिटं. फोनवर दहा-बारा सेकंदांचं सहज बोलणं लावतो. मुलाखत, बातमी, कॉमेंट्री, काहीही. अर्थ विचारत नाही, फक्त विचारतो, शब्द किती? पोरं बोटं मोजतात. एक म्हणतो सहा, एक म्हणतो नऊ. असतात तेरा. मग पुन्हा लावायचं. फळ्यावर वाक्य लिहायचं ते सगळ्यांत शेवटी, आणि कुठं कुठं गाठ बसली तिथं खाली कंस काढायचा. पहिल्या आठवड्यात पोरं हसतात, 'सर, हे इंग्रजी नाही, कानडी आहे' म्हणतात. तिसऱ्या आठवड्यापासून मागच्या बाकावरचे सुद्धा बरोबर आकडा सांगायला लागतात. वर्गातला सगळ्यांत चांगला कान निघाला तो क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री ऐकणाऱ्या एका पोराचा, ज्याला चाचणीत ३५ पडायची मारामार. त्याला हे सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना.

शिक्षक मित्रहो, करून बघा. खर्च नाही, परवानगी लागत नाही. आणि बोर्डात, एससीईआरटीत जे कुणी ओळखीचे असतील त्यांच्यापर्यंत एवढं पोचवा की इंग्रजीच्या पेपरात दहा मार्कांचं ऐकणं घाला. मार्क असल्याशिवाय आपल्याकडं काही शिकवलं जात नाही, हे तुम्हाला-मला चांगलं ठाऊक आहे.

त्या मुलीला मी आता रोज रात्री व्हॉट्सॲपवर एक वाक्य पाठवतो. तिच्या परीक्षेत ४० प्रश्न असतात, रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, ७ बँडला साधारण ३० बरोबर यावे लागतात. पुढची तारीख तिनं अजून घेतलेली नाही, पगार झाल्यावर घेणार आहे.

काल तिच्या कामातलंच एक वाक्य होतं. तिला ऐकू गेलं ते असं: "गिव्हिमबिटव्हिट अस्सूनझीझेबल टुवीट." मी विचारलं, किती?

नाइट ड्यूटीवरून मध्यरात्री तिचं उत्तर आलं, "९?"

मी लिहिलं, "१४."

थोड्या वेळानं तिचा मेसेज. "गिव्ह हिम अ बिट ऑफ इट, ॲज सून ॲज ही इज एबल टू ईट. मोजले सर. १४ च आहेत. उद्या जरा मोठं पाठवा."